एक्सएमएल: कोणता एलिमेंट कोणाच्या पोटात?

एक्सएमएल म्हणजे माहिती कोनी कंसांतल्या खुणांनी बांधून लिहायची पद्धत. तिची फाइल दोन तऱ्हांनी बिघडते. पहिल्या तऱ्हेत पार्सर (फाइल वाचून तिची रचना उलगडणारा प्रोग्राम) ती वाचायलाच नकार देतो, अमुक ओळीत चूक आहे असं सांगतो आणि थांबतो. हे त्रासाचं वाटलं तरी बरंच, कारण चूक तिथल्या तिथे कळते. दुसऱ्या तऱ्हेत पार्सर सगळं मुकाट वाचतो. एकही तक्रार येत नाही. पुढे कधीतरी कोणी त्या फाइलला एखादा साधा प्रश्न विचारतं आणि लक्षात येतं की उत्तर त्यात आहे, पण ते नक्की कोणत्या गोष्टीबद्दल आहे हे ओळखायची सोयच नाही. पहिल्या चुकीचे नियम तासाभरात शिकता येतात. दुसरी टाळायला फाइल लिहिण्याआधी विचार करावा लागतो, म्हणून या लेखात जास्त जागा तिला दिली आहे.

उदाहरणासाठी एसटीची एक फेरी घेऊ, स्वारगेटहून शिरवळ, सुरूर, वाई, पाचगणी करत महाबळेश्वरला जाणारी. मार्ग खरा आहे, वेळा आणि क्रमांक नमुन्यापुरते.

<वेळापत्रक>
  <फेरी क्रमांक="101">
    <थांबा>
      <नाव>स्वारगेट</नाव>
      <सुटते>05:45:00</सुटते>
    </थांबा>
    <थांबा>
      <नाव>शिरवळ</नाव>
      <पोहोचते>07:00:00</पोहोचते>
      <सुटते>07:05:00</सुटते>
    </थांबा>
  </फेरी>
</वेळापत्रक>

टॅगची नावं देवनागरीत आहेत हे पाहून दचकू नका. एक्सएमएलमध्ये नावं युनिकोडमधल्या, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना आपापला क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या यादीतल्या, अक्षरांची असू शकतात, त्यामुळे वरची फाइल जशीच्या तशी चालते. काही पथ्यं आहेत, ती पुढे येतील.

आधी एक फरक. टॅग म्हणजे कोनी कंसातली खूण: <नाव> हा सुरुवातीचा टॅग, </नाव> हा शेवटचा. एलिमेंट म्हणजे हे दोन टॅग आणि त्यांच्या मधला सगळा ऐवज. रचना एलिमेंटची असते, टॅगची नाही. 'इथे एक टॅग टाकला' असा विचार करणारा माणूस मजकुरात खुणा पेरत जातो. 'हा एलिमेंट त्याच्या पोटात आहे' असा विचार करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर झाड असतं: एक खोड, त्याला फांद्या, फांद्यांना डहाळ्या.

कंसाचा नियम

शाळेत पदावली सोडवताना महिरपी कंसात चौकटी कंस आणि त्यात साधा कंस लिहायचो. जो कंस शेवटी उघडला तो आधी मिटवायचा. एक्सएमएलचा मूळ नियम हाच. <फेरी> उघडली, तिच्यात <थांबा> उघडला, तर आधी </थांबा> आणि मगच </फेरी>. यात सवलत नाही. याशिवाय सगळ्यात बाहेर एकच एलिमेंट हवा, त्याला रूट म्हणतात. वरच्या फाइलीतून <वेळापत्रक> काढून टाकलं आणि एकाखाली एक दोन <फेरी> ठेवल्या, तर दुसऱ्या फेरीपाशी पार्सर अडतो.

सुरुवातीच्या टॅगमध्ये क्रमांक="101" अशी जी जोड लिहितात तिला ॲट्रिब्यूट म्हणतात. एका एलिमेंटवर एकाच नावाचे दोन ॲट्रिब्यूट चालत नाहीत. ॲट्रिब्यूटची किंमत अवतरणचिन्हांत हवीच, आणि ती चिन्हं सरळ हवीत. वर्ड प्रोसेसरमधून मजकूर चिकटवला की सरळ चिन्हांच्या जागी वळणदार येतात आणि फाइल मोडते. डोळ्यांना फरक जाणवत नाही म्हणून ही चूक फार वेळ खाते. एक्सएमएलची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्येच लिहावी.

हे सगळं पाळलं की फाइल वेल-फॉर्म्ड, म्हणजे नियमाला धरून बांधलेली, झाली. एक्सएमएलचं १.० प्रमाणक डब्ल्यू३सी या संस्थेनं १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केलं, आणि त्यात स्पष्ट लिहिलं आहे की अशी मूलभूत चूक सापडल्यावर पार्सरनं नेहमीसारखं काम पुढे चालू ठेवायचं नाही. वेबपानांची सवय असलेल्यांना हे जाचक वाटतं, कारण ब्राउझर एचटीएमएलमधल्या चुका पोटात घालून काहीतरी दाखवतोच. पण वेळापत्रक, बिल किंवा निकालपत्रक याबाबतीत 'काहीतरी' नको असतं. पार्सरनं अंदाज बांधून एखादा थांबा भलत्याच फेरीत ढकलण्यापेक्षा थांबलेलं चांगलं.

पार्सर ज्या ओळीकडे बोट दाखवतो तिथेच चूक असते असं मात्र नाही. हे पाहा:

<थांबा>
  <नाव>वाई<नाव>
  <सुटते>08:10:00</सुटते>
</थांबा>

चूक दुसऱ्या ओळीत आहे, शेवटच्या टॅगमधली तिरकी रेघ राहिली. पण पार्सरच्या दृष्टीनं तिथे 'वाई' या मजकुरानंतर आणखी एक <नाव> उघडलं, आणि त्यात गैर काही नाही. पुढचा <सुटते> नीट उघडला, नीट मिटला. चौथ्या ओळीत </थांबा> आल्यावर त्याला कळतं की मिटायला हवं होतं <नाव>. म्हणून तो चौथी ओळ सांगतो. टॅग जुळत नाही अशी तक्रार आली की त्या ओळीपासून वर जायचं आणि जो एलिमेंट मिटला नाही म्हणून तो सांगतोय त्याची सुरुवात शोधायची. दहा चुका दाखवल्या असतील तर पहिली दुरुस्त करून फाइल पुन्हा तपासावी. बाकीच्या बऱ्याचदा तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

शेजार म्हणजे नातं नव्हे

आता अशी फाइल, जिच्यावर पार्सर काहीच बोलणार नाही:

<फेरी>
  <नाव>शिरवळ</नाव>
  <वेळ>07:05:00</वेळ>
  <नाव>सुरूर</नाव>
  <नाव>वाई</नाव>
  <वेळ>08:10:00</वेळ>
</फेरी>

माणूस वाचतो तेव्हा वर-खाली पाहून लावून घेतो की सुरूरची वेळ दिलेली नाही. प्रोग्रामसाठी इथे एका फेरीच्या पोटात पाच भावंडं आहेत, तीन नावं आणि दोन वेळा. दुसऱ्या नावाची वेळ मागितली तर तो दुसरी वेळ काढून देईल, आणि ती वाईची आहे. चूक फाइल लिहिणाऱ्याची आहे, कारण त्यानं नातं शेजारावर सोडलं. <थांबा> हा एलिमेंट मध्ये घातला की नाव आणि वेळ एकाच पोटात जातात आणि प्रश्नच उरत नाही.

म्हणून रचना ठरवताना प्रत्येक माहितीला एकच प्रश्न विचारायचा: ही कोणाची? सुटण्याची वेळ फेरीची की थांब्याची? एकाच फेरीत ती प्रत्येक थांब्याला बदलते, म्हणजे थांब्याची. भाडं कोणाचं? थांब्याचं म्हणावं तर कुठून कुठपर्यंतचं? ते दोन थांब्यांमधल्या प्रवासाचं आहे. मग ते थांब्याच्या पोटात ठेवण्याऐवजी फेरीच्या पोटात वेगळा एलिमेंट करून त्यावर कुठून आणि कुठपर्यंत हे लिहावं लागेल. आगाराचं नाव प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा येत असेल, तर फेऱ्याच <आगार> या एलिमेंटच्या पोटात असायला हव्यात. 'कोणाचं' याचं उत्तर नीट मिळालं की टॅगची नावं आपोआप सुचतात.

आणखी एक फार दिसणारी चूक म्हणजे <थांबा१>, <थांबा२>, <थांबा३> अशी नावं. स्प्रेडशीटच्या रकान्यांची सवय इथे येते. यात प्रत्येक थांबा वेगळ्या जातीचा ठरतो, त्यामुळे 'या फेरीचे सगळे थांबे दे' असं एका दमात विचारता येत नाही. मध्ये नवा थांबा आला की पुढच्या सगळ्यांची नावं बदलावी लागतात. आकड्यांची गरजच नसते. एलिमेंट ज्या क्रमानं लिहिले तो क्रम एक्सएमएल जपतं, सगळे <थांबा> एकाखाली एक लिहिले की पहिला पहिलाच राहतो. ॲट्रिब्यूटला मात्र क्रम नसतो. कोणता आधी लिहिला यावर कधीही विसंबू नये.

सगळे थांबे <थांबे> नावाच्या वेष्टनात घालावेत का? फेरीच्या पोटात दुसरं काहीच नसेल तर त्या वेष्टनानं नुसती एक पायरी वाढते. पण सूचना, भाडं, गाडीचा प्रकार असं काही सोबत असेल, तर यादी वेगळी बांधलेली बरी.

एलिमेंट की ॲट्रिब्यूट?

यावर लोक फार वाद घालतात, पण बहुतेक वेळा निर्णय सोपा असतो. ती गोष्ट दोनदा येऊ शकते का? तिच्या पोटात पुढे आणखी काही यायची शक्यता आहे का? ती वाचायचा मजकूर आहे का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर एलिमेंट. ॲट्रिब्यूटच्या पोटात काही जात नाही, आणि एकाच एलिमेंटवर तो पुन्हा येत नाही. त्यातली नवी ओळसुद्धा टिकत नाही: वाचताना पार्सर तिची स्पेस करून टाकतो. चार ओळींचा पत्ता ॲट्रिब्यूटमध्ये लिहिला तर वाचताना एक लांबलचक ओळ हाती येते.

ॲट्रिब्यूट शोभतो तो ओळख सांगायला आणि किंमतीचा अर्थ पक्का करायला:

<अंतर एकक="किमी">120</अंतर>

इथे मजकूर निव्वळ आकडा आहे. '120 किमी' असं पोटात लिहिलं असतं तर बेरीज करण्याआधी प्रत्येक वेळी 'किमी' खरडून काढावं लागलं असतं, आणि कोणी 'कि.मी.' लिहिलं की तेही फसलं असतं.

रातराणीसारख्या गाड्यांत एक खाच आहे. गाडी रात्री साडेदहाला सुटून पहाटे चारला पोहोचते. नुसती 22:30:00 आणि 04:00:00 अशी वेळ लिहिली तर पोहोचण्याची वेळ सुटण्याच्या आधीची दिसते. इथे एक छोटा ॲट्रिब्यूट कामाला येतो: <पोहोचते दिवस="2">04:00:00</पोहोचते>.

रिकामा आणि नसलेला

<पोहोचते></पोहोचते> आणि <पोहोचते/> यांचा अर्थ एकच, रिकामा एलिमेंट. पण रिकामा एलिमेंट असणं आणि तो मुळात नसणं, हे वेगळं. स्वारगेटला फेरी सुरू होते, तिथे 'पोहोचते' ही गोष्टच लागू नाही, म्हणून पहिल्या नमुन्यात तो एलिमेंट लिहिलेला नाही. सुरूरला गाडी थांबते पण वेळ ठरलेली नाही, ही तिसरीच गोष्ट, आणि ती तशी सांगायला हवी: <सुटते ठरलेली="नाही"/>. हे तिन्ही अर्थ रिकाम्या टॅगवर भागवले, की फाइल वापरणारा आपल्या मनानं एक अर्थ धरतो. दुसरा वापरणारा दुसरा.

वाक्याच्या मध्ये येणारे एलिमेंट

आतापर्यंत एलिमेंटच्या पोटात एक तर मजकूर होता किंवा दुसरे एलिमेंट. दोन्ही एकत्रही येतात:

<सूचना>ही फेरी <दिवस>मंगळवारी</दिवस> <ठिकाण>वाई</ठिकाण>च्या पुढे जात नाही.</सूचना>

मराठीला इथे जरा जपावं लागतं. प्रत्यय शब्दाला चिकटून येतो, त्यामुळे </ठिकाण> आणि 'च्या' यांच्यात एकही स्पेस चालणार नाही. फाइल देखणी करणारी साधनं प्रत्येक एलिमेंट नव्या ओळीवर नेतात. वेळापत्रकाच्या बाकी भागात त्यानं बिघडत नाही, पण अशा वाक्यात प्रत्येक नवी ओळ मजकुराचाच भाग बनते आणि 'वाईच्या' या शब्दाचे 'वाई च्या' असे दोन तुकडे होतात. सूचनांसारखे एलिमेंट त्या साधनाच्या तावडीतून वगळावेत.

सामान्यरूपाचा प्रश्न आणखी खोल. 'पुण्याहून' या शब्दातून 'पुणे' एवढंच टॅगमध्ये पकडता येत नाही, कारण ते अख्खं तिथे नाहीच. उपाय असा की पूर्ण रूप पोटात ठेवायचं आणि मूळ नाव ॲट्रिब्यूटमध्ये: <ठिकाण मूळ="पुणे">पुण्याहून</ठिकाण>. शोध मूळ नावावर चालतो, वाक्य वाचायला शाबूत राहतं.

कधी कधी दोन विभागण्या एकमेकींत अडकतात. एसटीचं भाडं ६ किलोमीटरच्या टप्प्यांवर मोजतात. नीरा नदी ओलांडून शिरवळला आलो की पुणे जिल्हा संपून सातारा लागतो. ही हद्द एखाद्या टप्प्याच्या मधोमध पडली, तर जिल्हा टप्प्याच्या पोटात बसत नाही आणि टप्पाही जिल्ह्याच्या पोटात बसत नाही. कंसाच्या नियमात दोघांना एकमेकांवर तिरकं जाता येत नाही. अशा वेळी जी विभागणी रोजच्या कामाची आहे तिला झाड द्यायचं, इथे टप्पे, आणि दुसरीसाठी नुसता मैलाचा दगड रोवायचा: <हद्द पुढे="सातारा"/>. एलिमेंट रिकामाच, पण कुठे आहे त्यावरून अर्थ कळतो. हस्तलिखितांच्या डिजिटल आवृत्त्यांत पान कुठे उलटलं हे अशाच रिकाम्या एलिमेंटनं नोंदवतात, कारण परिच्छेद पानाला जुमानत नाही.

दोन चिन्हं आणि देवनागरीची पथ्यं

मजकुरात < आणि & ही चिन्हं जशीच्या तशी लिहायची नाहीत. पहिल्यानं टॅग सुरू झाला असं पार्सर समजतो, दुसऱ्यानं सांकेतिक अक्षर. त्यांच्या जागी अनुक्रमे &#60; आणि &#38; लिहावं. यातले आकडे इंग्रजीच हवेत, देवनागरी चालत नाहीत. प्रोग्रामनं बदल करत असाल तर आधी & बदला, मग <. उलट केलंत तर नुकत्याच लिहिलेल्या संकेतातलं & पुन्हा बदललं जातं आणि वाचणाऱ्याला ते संकेतच दिसतात.

फाइल यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत जतन करावी. ही एक्सएमएल आहे असं सांगणारी सुरुवातीची घोषणेची ओळ लिहिणार असाल तर ती फाइलच्या पहिल्या अक्षरापासून सुरू झाली पाहिजे, आधी एक रिकामी ओळसुद्धा चालत नाही.

नावात स्पेस येत नाही, जोडरेघ किंवा अधोरेघ येते. नाव आकड्यानं सुरू करू नये. विसर्गाच्या जागी कोलन टंकण्याची अनेकांना सवय असते, ती इथे महागात पडते: <नि:शुल्क> मधला कोलन पाहून पार्सरला वाटतं की 'नि' हा नेमस्पेसचा (नावांच्या गटाचा) उपसर्ग आहे, आणि तो कुठे जाहीर केलेला नाही म्हणून तो अडतो. विसर्गाची कळ शोधून <निःशुल्क> असंच लिहावं.

सर्वांत फसवा शब्द म्हणजे <फेऱ्या>. यातला ऱ्य दोन पद्धतींनी टंकता येतो: नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडून, किंवा साध्या र चा पाय मोडून त्यापुढे शून्य रुंदीचा न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. एक्सएमएल मात्र सुरुवातीचा आणि शेवटचा टॅग संकेतांक लावून जुळवतं, रूप पाहून नाही. एक टॅग एका कळफलकावर आणि दुसरा दुसऱ्यावर टंकला तर 'फेऱ्या उघडलं आणि फेऱ्या मिटलं, जुळत नाही' अशी चक्रावून टाकणारी तक्रार येते. 'ॲ' या अक्षराचंही तसंच, ते एका संकेतांकानं येतं किंवा 'अ'वर चंद्र देऊन. त्यात भर म्हणजे 'ॲ'चा स्वतंत्र संकेतांक युनिकोडमध्ये २००८ साली आला. एक्सएमएल १.० च्या पाचव्या आवृत्तीनं, तीही २००८ चीच, नावांचे नियम सैल केले, पण त्याआधीच्या नियमांवर चालणारे पार्सर नावात हे अक्षर किंवा तो न दिसणारा जोडक नाकारतात. त्यामुळे नावात 'ऱ्य' आणि 'ॲ' टाळलेले बरे. मजकुरात ते बिनदिक्कत लिहा, तिथे कसलीही अडचण नाही.

स्कीमा काय पकडतो

फाइल वेल-फॉर्म्ड आहे एवढ्यावर ती वेळापत्रक ठरत नाही. फेरीत निदान दोन थांबे असावेत, थांब्याला नाव असावंच, 'पोहोचते' असेल तर 'सुटते'च्या आधी यावं, वेळेच्या जागी वेळच असावी, असे नियम स्कीमामध्ये लिहितात. त्यात बसणारी फाइल व्हॅलिड. स्कीमा आधी लिहावा, भरणा नंतर. नियम शब्दांत मांडताना 'हे कोणाचं' याची उत्तरं कच्ची असतील तर तिथेच उघडी पडतात.

एक्सएमएल स्कीमा या स्कीमा लिहायच्या भाषेतले ठरलेले प्रकार काटेकोर असतात. वेळेच्या प्रकाराला तास, मिनिटं आणि सेकंद हे तिन्ही दोन-दोन अंकी लागतात: 05:45:00 चालतं, 5:45 नाही. अंक इंग्रजीच लागतात, म्हणून वरच्या सगळ्या नमुन्यांत ते तसे लिहिले आहेत. ०५:४५:०० हा मजकूर म्हणून निर्दोष आहे, पण वेळ म्हणून नापास. रिकामा <सुटते/> सुद्धा नापास, कारण रिकामी जागा ही वेळ नव्हे. ठरलेली नसलेली वेळ लिहायची असेल तर तशी परवानगी स्कीमात वेगळी द्यावी लागते.

आणि काही गोष्टी तो पकडतच नाही. शिरवळला गाडी 07:05:00 ला पोहोचते आणि 07:00:00 ला सुटते असं लिहिलं, तरी एक्सएमएल स्कीमाच्या १.० आवृत्तीला त्यात वावगं दिसणार नाही. ती प्रत्येक वेळ सुटी तपासते, दोघींची तुलना करत नाही. त्यासाठी १.१ आवृत्तीतली विधानं (तपासायच्या अटी) किंवा स्कीमाट्रॉन ही नियम लिहायची वेगळी भाषा वापरावी लागते: प्रत्येक थांब्यासाठी एक ओळ, की पोहोचण्याची वेळ सुटण्याच्या वेळेनंतरची नसावी. रातराणीसाठी त्या ओळीत दिवसही धरायला हवा, नाहीतर 23:55:00 ला थांब्यावर येऊन 00:05:00 ला सुटणारी चोख गाडीही चूक म्हणून बाजूला पडेल.